लाल शाई आणि दुसरा खर्डा : विद्यार्थ्याच्या निबंधाचे मुद्रितशोधन व पुनर्लेखन

प्रस्तावना

महाविद्यालयीन विद्यार्थ्याचा निबंध ‘तपासणे’ या क्रियेला आपल्याकडे एक ठरीव अर्थ प्राप्त झाला आहे. ऱ्हस्व-दीर्घाच्या चुकांखाली लाल रेघ ओढणे, समासात एखादे प्रश्नचिन्ह काढणे, शेवटी ‘शुद्धलेखन सुधारा’ असा शेरा लिहून गुण देणे, इतके झाले की निबंध तपासून झाला असे आपण समजतो. विद्यार्थीही तसेच समजतो. वही हाती आल्यावर तो प्रथम गुण पाहतो, मग लाल रेघा मोजतो आणि वही मिटतो. त्या निबंधाचे पुढे काहीही होत नाही. तो पुन्हा लिहिला जात नाही, कारण पुन्हा लिहिण्यासाठी तो मुळात लिहून घेतलेलाच नसतो.

लेखन सुधारण्याच्या दोन क्रिया भिन्न आहेत. एक मुद्रितशोधनाची, म्हणजे लिहिलेला मजकूर आहे तसा गृहीत धरून त्यातील अक्षरे, विरामचिन्हे व व्याकरण बिनचूक करणे. दुसरी पुनर्लेखनाची, म्हणजे जे लिहिले ते आपल्याला खरोखर म्हणावयाचे होते काय, हा प्रश्न स्वतःला विचारून मजकूर हलविणे, कापणे, वाढविणे. आपल्या वर्गांत पहिल्या क्रियेने दुसरीची जागा घेतली आहे. यात विद्यार्थ्याची भाषा सुधारत नाही ही हानी आहेच. पण जे केवळ त्यालाच ठाऊक असते ते लिहिण्याचे तो हळूहळू सोडून देतो, ही त्याहून मोठी हानी आहे. प्रस्तुत लेखात या दुसऱ्या हानीचा विचार मुख्यतः करावयाचा आहे.

एक नमुना

विवेचन हवेत राहू नये म्हणून एक लहान उतारा घेऊ. हा कोणा एका विद्यार्थ्याचा नाही. उत्तरपत्रिकांत नेहमी भेटणाऱ्या वाक्यांवरून तो नमुन्यादाखल बांधला आहे. विषय ‘पाणी’ असा आहे.

‘पाणी हे जिवन आहे. आपल्या देशात पाण्याचि फार मोठि समस्या आहे. सरकारने यावर उपाय केले पाहिजे. आमच्या गावात उन्हाळ्यात टँकर येतो. टँकर आला कि आई चुल सोडून पळते. विहिरीत पाइप सोडतात आनि मग सगळे शेंदतात. पुर्वी लोक पाणी जपून वापरत. म्हणुन आपण सर्वांनी पाणी वाचवणे ही काळाची गरज आहे.’

या उताऱ्यात लाल शाईला नऊ जागा सापडतात : जिवन, पाण्याचि, मोठि, पाहिजे (उपाय अनेक असल्याने ‘पाहिजेत’), कि, चुल, आनि, पुर्वी, म्हणुन. नऊही दुरुस्त केल्या की उतारा शुद्ध होतो. आता तो शुद्ध उतारा कोणत्याही बाजारी निबंधसंग्रहातील उताऱ्याशेजारी ठेवावा. पहिली तीन व शेवटची दोन वाक्ये जशीच्या तशी तिथे सापडतील. ‘काळाची गरज’ या शब्दप्रयोगात शुद्धलेखनाची एकही चूक नाही; म्हणून त्याखाली लाल रेघ पडत नाही. आणि ज्या तीन वाक्यांत टँकर, चूल आणि विहीर आहे, म्हणजे जी या विद्यार्थ्याखेरीज दुसऱ्या कोणी लिहिली नसती, त्याच तीन वाक्यांत तीन लाल खुणा आहेत. विद्यार्थी यातून काय शिकेल? पाठ केलेली वाक्ये सुरक्षित, स्वतःची वाक्ये धोक्याची. पुढच्या निबंधात तो चूल लिहिणार नाही.

याहून गंभीर गोष्ट उताऱ्याच्या शेवटी आहे. टँकरच्या मागे धावणारी, शेंदून पाणी आणणारी बाई पाणी उधळत नसते. ‘पूर्वी लोक पाणी जपून वापरत’ या वाक्याने आजचे लोक जपून वापरीत नाहीत असे सुचविले जाते, आणि ‘आपण सर्वांनी’ या शब्दांत ती आईही येते. म्हणजे ज्या मुलाने आईला पळताना पाहिले, त्यानेच तीन वाक्यांनंतर तिला पाण्याच्या उधळपट्टीत सामील केले. त्याला तसे म्हणावयाचे नव्हते, हे उघड आहे. ते वाक्य त्याचे नाहीच; ते निबंधाचा शेवट कसा करावा या शिकवणुकीतून आले आहे. निबंध वाचणाऱ्याने दाखवून द्यावी अशी या उताऱ्यातील खरी चूक हीच, आणि नऊ खुणांत ती नाही.

चुकीमागील तर्क

शुद्धलेखनाला येथे कमी लेखावयाचे नाही. मात्र ज्याला आपण चूक म्हणतो तिच्याकडे थोडे थांबून पाहिले, तर ती निष्काळजीपणातून क्वचितच आलेली असते असे दिसते. ‘चुल’ हेच घ्या. विद्यार्थी ‘चुलीवर’, ‘चुलीत’, ‘चुलीपाशी’ ही रूपे रोज वाचतो. तेथे उकार ऱ्हस्वच आहे व तो बरोबर आहे. त्यावरून मूळ शब्दही ‘चुल’ असणार, हे त्याचे अनुमान तर्काला धरून आहे. नियम उलट्या दिशेने चालतो, एवढेच त्याला कोणी सांगितलेले नसते : अकारान्त शब्दातील उपान्त्य इकार-उकार दीर्घ, आणि सामान्यरूप होताना तो ऱ्हस्व. ‘कि’ लिहिणाऱ्याने हिंदीत तो शब्द ऱ्हस्व पाहिलेला असतो. शिवाय मराठीतही अन्त्य इकार दीर्घ लिहिण्याच्या नियमाला ‘आणि’ व ‘नि’ हे अपवाद आहेतच. ‘पुर्वी’ ही चूक तर नियम पाळल्यामुळे होते. शेवटचा स्वर दीर्घ असता आधीचा इकार-उकार ऱ्हस्व, हे ‘गरिबी’, ‘पाहुणा’ या शब्दांवरून तो शिकला. ‘पूर्व’ हा तत्सम शब्द असल्याने तेथे तो नियम लागत नाही, हे त्याला ठाऊक नाही. ‘जिवन’ लिहिणाऱ्याच्या कानात ‘जिवंत’ आणि ‘जिवलग’ असतात. ‘आनि’ हे तर त्याच्या घरचे उच्चारण आहे. ण आणि न यांतील भेद महाराष्ट्राच्या अनेक भागांतील बोलींत प्रमाणभाषेप्रमाणे पाळला जात नाही.

यातील बहुतेक चुका टाळण्यासाठी विद्यार्थ्याला एक गोष्ट आधी माहीत असावी लागते : कोणता शब्द संस्कृतातून जसाच्या तसा आला आणि कोणता नाही. मराठी साहित्य महामंडळाने केलेल्या व शासनाने स्वीकारलेल्या १९६२ च्या चौदा नियमांत आणि १९७२ मध्ये त्यांत भर पडलेल्या चार नियमांत ‘तत्सम’ ही अट वारंवार येते. ज्याच्या घरी संस्कृतचा वारा नाही त्याला ही अट पाठांतरानेच भागवावी लागते. शिवाय बहुतांश मराठी शब्दांत ऱ्हस्व-दीर्घाने अर्थ बदलत नाही, त्यामुळे कान मदतीला येत नाही. मोडी लिपीत तर हा भेद सहसा पाळलाच जात नसे. बाळबोध आणि छापखाना यांनी तो सार्वत्रिक केला. १९६२ च्या नियमांनी अनुच्चारित अनुस्वार गेले, तेव्हा ‘नांव’ आणि ‘कांहीं’ असे शुद्ध लिहिणारी एक अख्खी पिढी एका निर्णयाने अशुद्ध ठरली. नियम असावेत, ते शिकवावेत. पण ते माणसांनी केलेले आहेत व बदलले आहेत, याची आठवण लाल शाई वापरणाऱ्याला असावी.

चुकीत तर्क असतो हे पद्धतशीरपणे मांडण्याचे श्रेय अमेरिकेतील अध्यापिका मिना शॉनेसी यांच्याकडे जाते. न्यूयॉर्कच्या सिटी विद्यापीठाने १९७० साली मुक्त प्रवेशाचे धोरण स्वीकारले आणि तोवर महाविद्यालयाचा उंबरठा न ओलांडलेल्या घरांतील मुले सिटी कॉलेजमध्ये आली. त्यांचे निबंध वाचून अनेक प्राध्यापकांनी हात टेकले. शॉनेसी यांनी सुमारे चार हजार प्रवेशनिबंध अभ्यासले आणि १९७७ मध्ये ‘एरर्स अँड एक्स्पेक्टेशन्स’ हा ग्रंथ लिहिला. ही मुले लेखनात नवखी आहेत, मंद नव्हेत. त्यांच्या चुका नियम शोधण्याच्या प्रयत्नातून आलेल्या आहेत, असे त्यांचे प्रतिपादन होते. महाराष्ट्रात हा उंबरठा न्यूयॉर्कच्या आधी खुला होऊ लागला होता. रयत शिक्षण संस्था १९१९ मधली. तत्कालीन औरंगाबादेत पीपल्स एज्युकेशन सोसायटीने सुरू केलेले, पुढे मिलिंद या नावाने ओळखले गेलेले महाविद्यालय १९५० मधले. प्रवेशाचा प्रश्न आपण लवकर हाती घेतला. आत आलेल्या मुलाची वही कशी वाचावी, हा प्रश्न मात्र पदवीच्या मराठी अभ्यासक्रमांत मुख्यतः ‘शुद्धलेखनाचे नियम’ या घटकापुरताच राहिला.

वाचकाची अपेक्षा चूक शोधते किंवा झाकते, हे जोसेफ विल्यम्स यांनी १९८१ मधील एका लेखात मोठ्या मिस्कीलपणे सिद्ध केले. लेखाच्या शेवटी त्यांनी उघड केले की त्या लेखातच सुमारे शंभर चुका त्यांनी मुद्दाम पेरल्या होत्या. तो लेख विद्वानांच्या नियतकालिकात छापलेला असल्याने बहुतेक वाचकांना त्या दिसल्याच नव्हत्या. हाच मजकूर विद्यार्थ्याच्या वहीत असता, तर पान लाल झाले असते. आपण विद्यार्थ्याचा निबंध वाचीत नाही, त्यात चुका शोधतो. विद्वानाचा लेख वाचतो. शुद्धलेखनाच्या आग्रहाचे लेख प्रसिद्ध करणाऱ्या आपल्याकडील नियतकालिकांची पानेही याच कसोटीवर कोणी पाहावीत, असा मोह होतो.

छापखान्यातील क्रम आणि वर्गातील क्रम

‘तपासणे’ ही कल्पना शिक्षकाने छापखान्यातून घेतली असे म्हणता येईल. पण ती अर्धीच घेतली. छापखान्यात हस्तलिखित आधी संपादकाकडे जाते. तेथे परिच्छेद हलतात, प्रकरणे गळतात, लेखकाला प्रश्न विचारले जातात. त्यानंतर जुळणी होते, मग गॅली प्रुफे निघतात, मग पानांची प्रुफे, आणि शोधनाचे काम या शेवटच्या टप्प्यांवर होते. खिळ्यांच्या काळात मुद्रितशोधकाला एक कडक शिस्त होती : कमीत कमी हात लावावा. पान बांधून झाल्यावर एक शब्द वाढला तर ओळ पुढे ढकलली जाई, ओळीबरोबर परिच्छेद आणि कधी पानही. म्हणून कसलेला मुद्रितशोधक काढलेल्या शब्दाइतक्याच अक्षरांचा शब्द शोधी. मजकूर कसा आहे हा त्याचा प्रश्न नसे. तो प्रश्न आधीच सुटलेला आहे असे गृहीत धरून त्याला काम करावे लागे, आणि त्याच्या जागी ते योग्यच होते.

वर्गात हा क्रम उलटला आहे. पहिलाच खर्डा, जो लेखकाने स्वतःसुद्धा दुसऱ्यांदा वाचलेला नाही, तो थेट मुद्रितशोधकाच्या हाती जातो. जेथे ओळी सरकविण्याचा काडीचाही खर्च नाही तेथे कमीत कमी हात लावण्याची शिस्त पाळली जाते. उद्या काढून टाकावयाच्या वाक्यातील वेलांटी आज दीर्घ केली जाते. ‘पाण्याची फार मोठी समस्या आहे’ या वाक्यातील दोन वेलांट्या सुधारण्यात शिक्षकाचा वेळ जातो. ते वाक्य मुळात हवे काय, हा विचार त्यात राहून जातो. विद्यार्थ्याच्या दृष्टीने तर दुरुस्त केलेले वाक्य म्हणजे मान्य झालेले वाक्य.

नॅन्सी सॉमर्स यांनी १९८० साली वीस विद्यार्थी व वीस अनुभवी लेखक यांच्याकडून प्रत्येकी तीन निबंध लिहवून घेतले व प्रत्येक निबंध दोनदा पुन्हा लिहवून घेतला. विद्यार्थ्यांनी मुख्यतः शब्द बदलले. एका शब्दाच्या जागी अधिक चांगला वाटणारा दुसरा ठेवणे म्हणजे पुनर्लेखन, अशी त्यांची समजूत होती. अनुभवी लेखकांनी पहिल्या खर्ड्यात आपला युक्तिवाद शोधला आणि दुसऱ्यात त्याला आकार दिला. १९८२ च्या दुसऱ्या एका लेखात त्यांनी शिक्षकांच्या शेऱ्यांकडे पाहिले. एकाच परिच्छेदात ‘हे वाक्य नीट करा’ आणि ‘हा मुद्दा विस्ताराने मांडा’ असे दोन्ही शेरे आढळले. मुद्दा विस्तारावयाचा तर ते वाक्य टिकणारच नाही. मग ते नीट का करावयाचे? दोन्ही आज्ञा एकत्र आल्या की विद्यार्थी त्यांतली सोपी पाळतो. आपल्याकडे बहुधा सोपी आज्ञा तेवढीच दिली जाते, म्हणून हा पेचही पडत नाही.

निबंधाचे मराठीतील थोर उदाहरण म्हणून ज्याचे नाव घेतले जाते त्या विष्णुशास्त्री चिपळूणकरांच्या ‘निबंधमाले’कडे (१८७४–१८८१) या संदर्भात पाहण्यासारखे आहे. ते मासिक होते. एकेका विषयाचा विस्तार पुढील अंकांतही चाले. निबंध हा विचार करण्याचा आणि वाद घालण्याचा प्रकार म्हणून मराठीत रुजला. परीक्षेतील ठराविक वेळात, अपरिचित विषयावर, एकदाच लिहावयाचा आणि खोडाखोड न करता लिहावयाचा मजकूर हा त्याचा पुढचा अवतार आहे. ‘खोडाखोड करू नये’ ही सूचना तर पुनर्लेखनाच्या मुळावरच घाव घालते.

दुसरा खर्डा

आता वरील उताऱ्याकडे परत जाऊ. समजा, शिक्षकाने वेलांट्यांना हात न लावता समासात तीनच प्रश्न लिहिले. टँकरचे पाणी घरोघर न देता विहिरीत का सोडतात? आधी कोणाला मिळते? शेवटच्या वाक्यातील ‘आपण सर्वांनी’ म्हणजे कोणी, आईनेसुद्धा? प्रश्न माहितीचे आहेत. त्यांची उत्तरे शिक्षकाला ठाऊक नाहीत व विद्यार्थ्याला आहेत. वर्गातील नेहमीचे नाते येथे क्षणभर उलटे होते, आणि लिहिण्याला कारण मिळते. उत्तरादाखल येणारा दुसरा खर्डा साधारण असा असू शकेल (हाही बांधलेलाच आहे) :

‘उन्हाळ्यात आमच्या गावात टँकर येतो. टँकर आला कि आई चुल सोडून पळते. पाणी घरोघर देत नाहीत, विहिरीत सोडतात, कारण टँकरला दुसऱ्या गावाची खेप असते. एकदा पाणी विहिरीत पडले कि ज्याचा दोर लांब आणि घरात माणसे जास्त त्याचे आधी भरते. आमच्या घरात आई आणि मीच. आम्हाला गढुळ पाणी मिळते. आई ते निवळु देते. वरचे पाणी पिण्याला, त्याखालचे भांड्याला, भांड्याचे पाणी शेवग्याला. पाणी वाचवा असे ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लिहिले आहे. ते कोणाला उद्देशून लिहिले ते मला समजत नाही.’

यात ‘समस्या’ हा शब्द नाही, पण पाणीवाटपातील विषमता आहे. वाटप आणि टंचाई या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे या मुलाला लिहिता लिहिता कळले असावे. ‘काळाची गरज’ गेली, तिच्या जागी एक खरी शंका आली. जुन्या चुकांपैकी ‘कि’ व ‘चुल’ तशाच आहेत आणि ‘गढुळ’, ‘निवळु’ या दोन नव्या आल्या आहेत. लाल रेघा मोजणाऱ्याला यात प्रगती दिसणे कठीण आहे. पण जो विद्यार्थी नवे वाक्य बांधावयास जातो त्याच्याकडून नव्या चुका होणारच. पाठ वाक्यांत त्या होत नाहीत, कारण ती दुसऱ्याने आधीच तपासलेली असतात.

आणि आता मुद्रितशोधनाची वेळ आली. या खर्ड्यावर ‘चूल–चुलीत’, ‘गढूळ–गढुळाला’ हा नियम समजावून द्यावा. तो पक्का होण्याची शक्यता येथे अधिक, कारण ते शब्द विद्यार्थ्याला आता टिकवावयाचे आहेत. आपले म्हणणे लोकांपर्यंत नीट जावे म्हणून शुद्ध लिहावे, हे त्याला म्हणणे सापडल्यानंतरच पटेल. विहिरीवरचे आईचे एखादे वाक्य त्याने तिच्याच बोलीत घातले, तर ते ‘सुधारू’ नये. पात्राच्या तोंडी बोलण्याची रूपे येऊ देण्यास महामंडळाच्या नियमांचीही आडकाठी नाही. बोलीतून प्रमाणभाषेत येण्याचा रस्ता विद्यार्थ्याला दाखविणे आणि बोली पुसून टाकणे यांत फरक आहे.

अक्षरांची शुद्धता आता संगणकीय साधने क्षणात करून देतात. मजकूर ‘सुधारून’ देणारी कृत्रिम बुद्धिमत्तेची साधनेही विद्यार्थ्यांच्या भ्रमणध्वनीत आहेत. त्यांच्यावर केवळ नाराजी व्यक्त करून भागणार नाही. पहिला खर्डा अशा साधनाकडे देऊन ‘चांगला निबंध करून दे’ एवढेच सांगितले, तर बहुधा पहिली तीन वाक्ये अधिक डौलदार होतील व चूल मागे पडेल. म्हणजे बाजारी निबंधसंग्रहाचेच काम अधिक सफाईने होईल. आपण आजवर ज्या गोष्टीला गुण देत आलो ती गोष्ट यंत्र करू लागले आहे, इतकाच याचा अर्थ. ज्या शिक्षकाने दोन्ही खर्डे पाहिले आहेत आणि मध्ये प्रश्न विचारले आहेत, त्याला यंत्राचे लेखन ओळखण्याची चिंता तुलनेने कमी करावी लागेल.

यावर व्यवहाराचा आक्षेप येईल व तो खरा आहे. एका वर्गात शंभराहून अधिक विद्यार्थी असता प्रत्येकाचे दोन खर्डे वाचणे एका शिक्षकाला अशक्य आहे. परंतु पहिल्या खर्ड्यावर नऊ खुणा करण्यास लागणारा वेळ आणि तीन प्रश्न लिहिण्यास लागणारा वेळ यांत फारसे अंतर नाही. सत्रात चार गृहपाठ घेऊन चारही एकदाच तपासण्याऐवजी दोन घ्यावेत आणि प्रत्येक दोनदा पाहावा. पहिल्या खर्ड्याला गुण देऊ नयेत. गुण दिसले की विद्यार्थ्याच्या लेखी काम संपते. पहिला खर्डा दुसऱ्या विद्यार्थ्याने मोठ्याने वाचून दाखवावा, म्हणजे कोठे अडखळते ते लेखकाला ऐकू येईल. यास शिक्षकाचा वेळ लागत नाही. अंतर्गत मूल्यमापनात दोन्ही खर्डे एकत्र जोडून घ्यावेत आणि दुसऱ्यात काय हलले, काय गेले, काय नवे आले यालाच निम्मे गुण असावेत. अंतिम लेखी परीक्षेतील निबंधाचा प्रश्न तसाच राहील. त्याला अभ्यास मंडळे हात लावतील अशी चिन्हे नाहीत. पण वर्षभरात दोनदा तरी ज्याने स्वतःचे वाक्य स्वतः कापले आहे, तो परीक्षेच्या कागदावरही ‘काळाची गरज’ लिहिण्यापूर्वी क्षणभर थांबेल, अशी अपेक्षा करण्यास जागा आहे.